बेटं वाचवणाऱ्या शुभेच्छुकास

रा. रा. शुभेच्छुक यांस,
मु. पो. अंबड चौफुली, जालना (जमिनीपासून अंदाजे पंधरा फूट उंच)



तुमचं नाव मला पाठ आहे. नावाखालचं पद, गॉगलची फ्रेम आणि नमस्काराला जोडलेल्या हातांतल्या अंगठ्याही पाठ आहेत. तरी नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की तुम्ही चौफुलीवर उगवता, भोकरदन नाक्यावर उगवता, गांधी चमनपाशी उगवता. दरवेळी चेहरा वेगळा असतो आणि काळजी तीच असते. यंदा तुमच्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'नाथसागरातील बेटे वाचवा, पक्षी वाचवा, निसर्ग वाचवा.' त्याखाली तुम्ही, तुमच्या डोक्यावर तुमचे नेते आणि पायाशी दोन ओळींत तुमचे कार्यकर्ते. बेटाच्या वाट्याला वरचा डावा कोपरा आला होता. त्या कोपऱ्यात पांढरी वाळू, निळाशार समुद्र, वाकलेली नारळाची झाडं आणि ज्याच्यासारखी चोच मराठवाड्यातल्या कुठल्याच पक्ष्याला नाही असा एक पक्षी.

नाथसागरात नारळ नाही, साहेब. तुम्ही जी बेटं वाचवायला निघालात ती पाहिलीत असं फ्लेक्सवरून वाटत नाही, म्हणून सांगतो. नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. त्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली आणि उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ ला. गोदावरीच्या खोऱ्यातली शंभरावर गावं पाण्याच्या पोटात गेली. त्या गावांमधले, शिवारांमधले जे उंचवटे पाण्याच्या वर राहिले ती आजची बेटं. अशी तीसेक आहेत. वाळूच्या जागी काळी माती, नारळाच्या जागी काटेरी बाभळी, आणि पाणी निळं कमी, गढूळ जास्त. मोठमोठ्या धरणांच्या मानानं हा जलाशय पसरट आणि उथळ आहे. कडेनं मैलोन् मैल चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि चिखलात चोच घालून पोट भरणाऱ्या पाखरांना नेमकं तेच लागतं. सरकारनं १९८६ मध्ये या सगळ्याला पक्षी अभयारण्य घोषित केलं ते त्यासाठी. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात, ज्याला आपण वारकरी म्हणतो तो काळा पाणपक्षी थव्यांनी बसलेला असतो आणि ज्या वर्षी पाणी हवं तसं असेल त्या वर्षी रोहित पक्षी. यातला एकही तुमच्या फ्लेक्सवर नाही. पट्टकादंबाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. जालन्यातल्या शाळेतल्या पोरांना ते एकदा दाखवले की पोरं आयुष्यभर तो पक्षी ओळखतात. तेवढी जागा तुमच्या खांद्याजवळ सहज मिळाली असती.

आता जालन्याचा यात संबंध काय, असं विचारणारे आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला फक्त जूनमधला एक दिवस भरून काढायचा होता. संबंध असा आहे, की आपण ते पाणी पितो. पैठणहून येणारी जलवाहिनी आपल्या शहराला आणि अंबडला पाजते. पैठणचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून पुढे परभणीकडे जातो. २०१२-१३ च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यावर आलं होतं, तेव्हा या जिल्ह्यातल्या बायाबापड्यांनी टँकरमागे कसे दिवस काढले ते मी पाहिलं आहे. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येण्याची सवय या शहरानं लावून घेतली आहे. त्या बेटांभोवतीचं पाणी आणि आपल्या रांजणातलं पाणी एकच. म्हणूनच तुमच्या फ्लेक्सवर विषय योग्य होता. विषय योग्य असल्यामुळेच मला राग आला. चुकीच्या विषयावर तुम्ही कितीही कापड टांगलं असतं तरी मी हे पत्र लिहायला बसलो नसतो.

बेटाला धोका कधी असतो, हे एकदा समजून घ्या. मार्च संपत आला की पाणी ओसरायला लागतं. टिटवी, नदी सुरय असे पक्षी घरटं बांधत नाहीत. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालतात. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात आणि तेच त्यांचं कवच. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात, म्हणजे टिटवीच्या अंड्यांकडे बघायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. बेटाच्या चारी बाजूंना पाणी असेल तोवर ही अंडी सुरक्षित. पाणी आणखी उतरलं की एका बाजूनं चिखलाची वाट तयार होते, बेट किनाऱ्याला जोडलं जातं, आणि त्या वाटेनं कुत्री येतात, गुरं येतात, माणसं येतात. एका दुपारी एक कळप त्या माळावरून गेला की अख्ख्या वसाहतीची वीण संपली. पाच जूनला तुम्ही फ्लेक्स लावता तेव्हा या मोसमातलं जे वाचायचं ते वाचलेलं असतं आणि जे चिरडायचं ते चिरडलेलं असतं.

म्हणजे संदेश द्यायचाच असेल तर तो मार्चमध्ये द्यायला हवा, आणि तो असा हवा : 'जूनपर्यंत या उंचवट्यावर गुरं सोडू नका, खाली अंडी आहेत.' हे कुणाला सांगायचं? काठावर जनावरं चारणाऱ्याला. रात्री नायलॉनची जाळी टाकून पहाटे ती काढणाऱ्या भोई-कहार बांधवाला, कारण तुटकं जाळं पाण्यात सोडून दिलं की त्यात मासा अडकतो तसा पक्षीही अडकतो. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करणाऱ्या गाळपेर शेतकऱ्याला. यातल्या अनेकांच्या बापजाद्यांची जमीन याच धरणात गेली आहे, हे विसरून त्यांच्यावर ओरडण्याचा हक्क कुणालाच नाही. त्यांच्याशी बसून बोलावं लागेल. कुठला उंचवटा पेरायचा आणि कुठला चार महिने सोडायचा हे त्यांच्याच तोंडून ठरवावं लागेल, आणि फवारणी पाण्यापासून किती लांब ठेवायची तेही. यांपैकी एकही माणूस रोज अंबड चौफुलीवरून जात नाही. नाथसागर इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. चौफुलीवर तुमचा फ्लेक्स वाचतो तो रिक्षावाला, मोंढ्यात माल घेऊन आलेला हमाल, स्टील कारखान्याच्या पाळीवर निघालेला कामगार. त्यानं बेट वाचवायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं? तुम्ही त्याला 'वाचवा' म्हणालात आणि नमस्कार करून थांबलात.

त्याला सांगण्यासारखं खूप होतं. गळक्या नळाचं, घरासमोर पाइप लावून गाडी धुण्याचं. आणि चौफुलीवरून अंबडकडे, घनसावंगीकडे जाणाऱ्या बागायतदाराला सांगण्यासारखं तर सगळ्यात जास्त होतं. धरणातून जालन्याला प्यायला येणारं पाणी कालव्याच्या पाण्यापुढे थोडकं आहे. पाणी लवकर उतरतं ते कालव्याखाली रात्रभर उसात मोकाट सोडलेल्या पाटानं, आणि उन्हानं. उन्हाला कुणी सांगू शकत नाही. उसाला सांगता येतं. 'ठिबक केल्याशिवाय ऊस लावू नका' एवढं एक वाक्य तुम्ही तुमच्या फोटोखाली छापलं असतं तर मी तुमच्या घरी येऊन हार घातला असता. ते तुम्ही छापणार नाही. त्या वाक्यानं मतं तुटतात, साखर कारखान्याचे संचालक फोन करतात, पुढच्या सभेला ट्रॅक्टर मिळत नाहीत. 'निसर्ग वाचवा' म्हटलं की कुणाचाच फोन येत नाही. जे वाक्य ऐकून जिल्ह्यातल्या एकाही माणसाला अस्वस्थ वाटत नाही, तेच तुम्ही दरवर्षी निवडता आणि त्यावर पैसे खर्च करता. तुमचा खरा गुन्हा मी हा मानतो. बाकीचे त्याच्या मागून येतात.

आपल्या गावांत पूर्वी दवंडी होती. हलगी वाजवत माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि सांगायचा : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, घरटी एका माणसानं फावडं घेऊन यायचं आहे, न येणाऱ्याला इतका दंड. काम, दिवस, जागा, माणूस आणि दंड, सगळं चार वाक्यांत. ऐकणाऱ्याला न कळण्याची सोयच नव्हती. आणि दवंडी पिटणाऱ्याचं स्वतःचं नाव दवंडीत कधी नसायचं.

आजही जे संदेश लागू पडतात ते तसेच आहेत. पल्स पोलिओ आठवा. रविवार ठरलेला, बूथ शाळेत, डोस घेतलेल्या पोराच्या करंगळीला शाईची खूण, आणि खूण नसेल तर दुसऱ्या दिवशी अंगणवाडीताई दारात. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. भिंती-भिंतींवरच्या त्या रंगवलेल्या जाहिराती तुम्हाआम्हाला अजून आठवतात, कारण त्यांच्यामागे माणसं चालत येत होती. घंटागाडीवरचं गाणंही तसंच. मंडल्याच्या श्याम बैरागींनी गायलेलं ते साधं गाणं ऐकू आलं की आमच्या गल्लीतली म्हातारीसुद्धा बादली घेऊन दार उघडते, कारण गाण्याच्या मागोमाग गाडी येते. आणि गाडगेबाबा. ते आधी गावाचा उकिरडा झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. लोक ऐकायचे, कारण सकाळी झाडू कुणाच्या हातात होता ते सगळ्यांनी पाहिलेलं असायचं.

तुम्हाला परदेशाचं आकर्षण आहे हे त्या नारळाच्या चित्रावरून कळतं, म्हणून परदेशातलं एक बेट सांगतो. कॅरिबियन समुद्रात सेंट लुसिया नावाचा छोटा बेटदेश आहे. तिथे एक पोपट आहे, जो जगात इतर कुठे सापडत नाही. १९७० च्या दशकात तो शंभराच्या आसपास उरला होता. लोक त्याला मारून खात, पकडून विकत, आणि जंगल तुटत होतं. पॉल बटलर नावाचा एक तरुण इंग्रज तिथे पोचला आणि तिथल्या वनखात्याबरोबर कामाला लागला. शिक्षा आणि कुंपण यांच्या आधी त्यांनी लोकांच्या मनाला हात घातला : हा पोपट फक्त तुमचा आहे, दुसऱ्या कुणाच्या देशात नाही. पोपटाच्या वेशातला माणूस शाळाशाळांत गेला. गाणी झाली, बाहुल्यांचे खेळ झाले, गाड्यांवर स्टिकर लागले, चर्चमध्येही विषय निघाला. १९७९ मध्ये तो देशाचा राष्ट्रीय पक्षी झाला आणि पुढे कायदेही कडक झाले. आज त्या पोपटांची संख्या कितीतरी पटींनी वाढलेली आहे. पुढे याच रीतीनं जगभर अनेक देशांत मोहिमा निघाल्या. पॅसिफिकमधल्या पलाऊनं तर २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर एक शपथ छापायला सुरुवात केली. ती तिथल्या मुलांना उद्देशून आहे, आणि पाहुण्यानं तिच्याखाली सही केल्याशिवाय त्याला देशात पाऊल टाकता येत नाही. या दोन्ही ठिकाणी ज्याला सांगायचं त्याला गाठून सांगितलं आणि त्याच्याकडून काही करून घेतलं. कोणत्याही पोस्टरवर पॉल बटलरचा फोटो पोपटापेक्षा मोठा नव्हता, एवढं मी छातीठोकपणे म्हणतो. तसा असता तर आज तो पोपट राहिला नसता.

आता तुमच्या फ्लेक्सच्या अंगाबद्दल. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी चढवलेला पीव्हीसीचा थर. हे थर एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून भंगारवालासुद्धा तो सहजी घेत नाही. जाळला तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, डायॉक्सिनसारखी विषं तयार होऊ शकतात, आणि आपल्याकडे उकिरड्यावर काडी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली त्यांत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहेत. रस्त्यावरचा नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो, त्यामुळे तो सुटतो. भाजीवाल्या मावशीकडून पिशवीसाठी पाच हजारांचा दंड घेता येतो आणि तुमच्या वीस बाय तीस फुटांना कुणी हात लावत नाही. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे, बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयाचे आदेश आहेत, घाटकोपरला १३ मे २०२४ ला महाकाय फलक कोसळून सतरा माणसं गेली आहेत. तरी चौफुलीवरच्या कडुनिंबाच्या खोडात तुमचे खिळे आहेत. झाडे लावा म्हणणारा फ्लेक्स झाडालाच ठोकलेला मी जालन्यात पाहिला आहे, आणि तो ठोकणाऱ्या पोराला दिवसाची मजुरी मिळते, तेव्हा त्याच्यावर माझा राग नाही.

मृगाचं पहिलं वारं आलं की तुमचा फ्लेक्स फाटतो. एक तुकडा तारेवर लोंबकळतो, बाकीचे नाल्यात. नाल्यातून कुंडलिकेत, तिथून दुधनेत, दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत. नाथसागर वरच्या अंगाला आहे, त्यामुळे तुमचे तुकडे तिथल्या बेटांपर्यंत जात नाहीत. ते खालच्या अंगाच्या गावांना जातात, जिथल्या लोकांना तुमचं नावही माहीत नाही. फ्लेक्सचा एक भला उपयोग मी मान्य करतो : शेतकरी तो उचलून नेतो आणि कडब्याच्या गंजीवर टाकतो, छापील बाजू खाली करून. त्यासाठी मात्र फ्लेक्स छापण्याची गरज नाही, ताडपत्री मिळते.

याच जिल्ह्यात काम बोललेलं आहे. घाणेवाडीचा तलाव गाळानं भरत चालला होता, तेव्हा शहरातल्या लोकांनी मंच काढून तो गाळ वर्षानुवर्षं उपसला आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं तो शेतात नेला. कडवंचीत नव्वदच्या दशकात पाणलोटाचं काम सुरू झालं, बांध झाले, पुढे शेततळी झाली, आणि आज तिथली द्राक्षं पाहायला दुसऱ्या जिल्ह्यांतून गाड्या भरून शेतकरी येतात. ते काही वाचायला येत नाहीत, पाहायला येतात. तिथल्या एका शेतकऱ्यानं आपल्या तळ्याच्या काठावर उभं राहून पाहुण्याला दहा मिनिटं हिशेब सांगितला, की तेवढ्यात पाहुणा घरी जाऊन खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवतो.

तेव्हा आता मागण्या. फ्लेक्स या रविवारच्या आत उतरवा. शिडी लागली तर मी देतो. कडुनिंबातले खिळे पकडीनं काढा, कापून आत ठेवू नका. पुढच्या वर्षीचं फ्लेक्सचं बजेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात काढा आणि त्यातून तीन कामं करा. आकाशवाणीवर सकाळच्या शेती कार्यक्रमाच्या आगेमागे, काठावरच्याच एखाद्या मच्छीमाराच्या आवाजात, मराठवाडी बोलीत, रोज अर्धा मिनिट : कुठल्या बेटावर सध्या अंडी आहेत आणि तुटकं जाळं कुठे जमा करायचं. जुनं जाळं आणून देणाऱ्याला किलोमागे पैसे. आणि वनखात्याला विचारून, काठावरच्या गावांत होड्या लागतात तिथे एकेका भिंतीवर सुरयाची अंडी, टिटवीची अंडी आणि पट्टकादंबाचं डोकं खऱ्या आकारात रंगवून घ्या. चित्रकलेचे चांगले शिक्षक आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. त्यांना मानधन द्या आणि बरोबर पाचवी-सहावीची पोरं न्या.

उसाचं ते वाक्य मात्र मी सोडलेलं नाही. ते अंबड-घनसावंगीच्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलाजवळ हवं, चुन्याच्या भिंतीवर गेरूनं. फोन येतील. ते तुम्ही घ्यायचे.

भिंतींवर शुभेच्छुक म्हणून कुणाचंही नाव येणार नाही, हे आधीच ठरवून टाकू. कळावे.

आपला,
जालन्याचा एक नळधारक